हिवाळी घरखेळ, आर्क्टिकमधील

अलास्का, उत्तर कॅनडा व ग्रीनलंड येथील इन्युइट, इन्युपियाक, युपिक आदी मूलनिवासी समाजांत हिवाळ्यात घरात किंवा गावाच्या सामुदायिक घरात खेळले जाणारे ताकदीचे, चपळाईचे व सोशिकतेचे खेळ. ढोलनृत्य, कंठगायन आणि दोऱ्याचे खेळ (बोटांत दोरा गुंफून आकृत्या करणे) हे त्यांचेच सोबती. करमणूक तर त्यांतून होतेच. पण मूळ काम शिकाऱ्याचे अंग गंजू न देण्याचे.

अलास्काच्या उत्तर टोकावरील उटकियाग्विक (२०१६ पर्यंत बॅरो) येथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मावळलेला सूर्य जानेवारीच्या २२-२३ तारखेला पुन्हा दिसतो. मध्ये दुपारी थोडा संधिप्रकाश, एवढेच. आणि एप्रिल-मेमध्ये तर देवमाशाच्या शिकारीला निघायचे असते. दोन महिने बसून राहिलेल्या माणसाला तडकणाऱ्या बर्फावर उडी साधत नाही.

पूर्वी हे खेळ ‘करगी’त (युपिक भाषेत ‘कसगिक’) चालत. निम्मी जमिनीत, लाकूड किंवा देवमाशाची हाडे यांच्या सांगाड्यावर मातीचे थर चढवलेली ही वास्तू पुरुषांची कार्यशाळा, मुलांची शाळा आणि नाचाची जागाही होती. छत बुटके, माणसे दाटीवाटीने बसलेली. म्हणून खेळही असे की धावायला मैदान नको, साधन म्हणजे एक काठी, दोरी किंवा टांगलेला चेंडू. या अडचणीतूनच त्यांचे तंत्र घडले आहे. नुसते ‘लोकखेळ’ म्हणून त्यांची बोळवण करणे योग्य नाही.

‘अलास्कन हाय किक’ हा त्याचा उत्तम नमुना. खेळाडू जमिनीवर बसतो, एका हाताने विरुद्ध बाजूचे पाऊल धरतो आणि दुसरा हात जमिनीवर रोवतो. मग त्या एका हाताच्या आधारावर सगळे अंग उचलून मोकळ्या पायाने डोक्यावरच्या चेंडूला लाथ मारतो आणि त्याच पायावर उतरतो. धरलेले पाऊल सुटले की उडी बाद. उभ्याने मारायच्या ‘एकपायी उंच लाथे’त दोन्ही पायांनी उडी घेऊन एका पायाने चेंडू स्पर्शायचा आणि त्याच पायावर तोल सावरायचा. यात नामवंत पुरुष खेळाडू नऊ फुटांच्या पुढे जातात. शिकार मिळाली किंवा देवमासा दिसला की निरोप्या दुरूनच अशी उडी मारून गावाला खूण करी, असे या लाथेचे मूळ सांगतात.

इतर खेळही कामातूनच आले आहेत. ‘सील उडी’त दंडाच्या पवित्र्यात फक्त वळलेल्या मुठी आणि पायाची बोटे टेकवून पुढे उसळत जायचे. बर्फावर सीलच्या जवळ सरपटत जाण्याची ही नक्कल. मुठींची सालटी निघतात, आणि थांबायचे ते दमल्यावरच. गुडघ्यांवर बसून एकदम दोन्ही पायांवर उडी घेणे म्हणजे बर्फ फुटताना क्षणात उठण्याचा सराव. ‘काठीओढ’ म्हणजे बर्फातल्या भोकातून सील वर खेचण्याची नक्कल. ‘कानओढी’त दोघे समोरासमोर बसून एकाच दोरीचा फास कानांमागे अडकवून मागे ओढतात. हिमदंशाच्या वेदनेची ही तालीम. बघणाऱ्याचेच डोळे आधी मिटतात.

पुरुष शिकारीला गेले की कॅनडातील इन्युइट स्त्रिया कंठगायन (कताज्जाक) करीत. दोघी अगदी जवळ उभ्या राहून श्वासाच्या तालावर घशातून आवाज काढतात. जिचा दम तुटतो किंवा जिला आधी हसू फुटते ती हरते. क्वेबेक प्रांताने २०१४ मध्ये त्याला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. दोऱ्याच्या आकृत्यांना मात्र ऋतूचे बंधन होते. काही ठिकाणी सूर्य परतल्यावर त्या करीत नसत, कारण दोऱ्यात सूर्य अडकेल अशी समजूत. अमेरिकेच्या नैऋत्य भागातील नवाहो हे मूलनिवासी लोकही दोऱ्याचा खेळ हिवाळ्यातच, जाळे विणणारा कोळी झोपलेला असताना, खेळतात.

अंधाराच्या काळात आहारही हातभार लावतो: मासे व सीलच्या चरबीतून जीवनसत्त्व ड मिळते, देवमाशाच्या कच्च्या कातडीतून जीवनसत्त्व क.

मिशनऱ्यांनी नाच व कंठगायनाला विरोध केला, मुले निवासी शाळांत गेली आणि करग्या ओस पडल्या. १९६१ मध्ये अलास्कातील फेअरबँक्स येथे ‘वर्ल्ड एस्किमो ऑलिंपिक्स’ (पुढे ‘एस्किमो-इंडियन’; इंडियन म्हणजे येथे अमेरिकेतील इतर मूलनिवासी) ही स्पर्धा सुरू झाली. ती भरते जुलैत, हा एक गमतीचा भाग. ‘आर्क्टिक विंटर गेम्स’ १९७० पासून आहेत, अलास्कातील शाळकरी मुलांच्या ‘नेटिव्ह यूथ ऑलिंपिक्स’ही त्याच सुमाराच्या. ‘किव्गिक’ हा निरोप्यांचा मेळावा सुमारे सत्तर वर्षांच्या खंडानंतर १९८८ मध्ये उटकियाग्विकला पुन्हा भरला.

आता बहुतेक गावांत करगीची जागा शाळेच्या व्यायामशाळेने घेतली आहे. खांबाला टांगलेला सीलच्या कातड्याचा चेंडू दर फेरीला वर चढत जातो. प्रत्येक उंचीला तीन संधी असतात. दोन वाया गेल्या की प्रतिस्पर्धी स्वतः पुढे येऊन सांगतो, पाऊल जरा मागे घे, चेंडूकडे बघ.