प्रायश्चित्त घेतलं, पण फेड कुणाची झाली?

मे २०२४मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जिवांचा बळी गेला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळानं ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि पुणं खवळलं. कायद्याच्या भाषेत ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. लोकांना मात्र ते प्रायश्चित्तच वाटलं, तेही फुकटात पडलेलं.

काय केलं म्हणजे पाप फिटतं, हा वाद इथे जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. राजाचा दंड दुसऱ्यात, पाप धुण्याचे विधी तिसऱ्यात. चांद्रायण या व्रतात शुक्ल पक्षात रोज एक घास वाढवत पौर्णिमेला पंधरावर जायचं, मग तसंच उतरत अमावास्येला कडक उपास. व्रत झेपत नसेल तर गोदान, गाय नसेल तर तिची किंमत. पैसेवाल्याची सोय अशी आधीपासूनच होती! मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तर मेलेला शूद्र असेल, तर ब्रह्महत्येच्या सोळाव्या हिश्शाचं प्रायश्चित्त पुरतं. पण त्याच अध्यायात किरकोळ चोरीसाठी एक शहाणा नियमही आहे: आधी माल परत करायचा, मग सांतपन कृच्छ्र हे उपासाचं व्रत.

३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी परंपरा आहे. दादांनी ते घेतलं नाही; पुणं सोडलं ते शास्त्रीबुवांनीच.

याउलट ऑक्टोबर १८९०चं पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधलं चहापान. गोपाळराव जोशींनी पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी तिथे नेली आणि पुढे नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले, सगळेच त्यात. ख्रिस्त्यांकडे चहा घेणं म्हणजे बाटणं, म्हणून मग ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२मध्ये घेतलं, ते स्नेह्यांची कोंडी सुटावी म्हणून; सुधारकांनी त्यांनाच बोल लावला. या सगळ्यात कुणाचं काही नुकसान झालं होतं का? कपभर चहा तर होता. ज्यात जीव गेला ते प्रायश्चित्त राहून गेलं आणि ज्यात कुणाला ओरखडाही उठला नाही, त्यावर शास्त्री-पंडितांचा खल चालला. माझ्या मते पंक्तीला बसता येणं, एवढाच त्याचा खरा हिशेब होता.

विसाव्या शतकात हिशेब बदलायला लागला. मे १९३३मध्ये गांधीजींनी अस्पृश्यतानिवारणाच्या कामात आपली आणि सहकाऱ्यांची शुद्धी व्हावी म्हणून एकवीस दिवसांचं उपोषण केलं. येरवडा तुरुंगात सुरू झालेलं, सुटकेनंतर पुण्यातल्या पर्णकुटी बंगल्यात पार पडलं. त्याआधीच, १९२९च्या पर्वती सत्याग्रहात, अस्पृश्य मानलेल्यांनी कुणाच्या शुद्धीची वाट न पाहता देवळात जायचा हक्क मागितला होता.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही रीतसर शिक्षा झाली. चोरी पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत त्यानं परत केलेली, असं असेल तर तुरुंगाऐवजी ही सेवा मिळते.