दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण नव्हे

परभणी-नांदेडकडच्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत एक समज पक्का बसलाय: फुकटचा अँटीव्हायरस कच्चा असतो, म्हणून दोन-तीन टाकून ठेवावेत. हे साफ चूक आहे.

अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्येच अडवून तपासतो. दोघे एकाच वेळी तीच फाइल अडवायला गेले की मशीन रखडतं. कधी कधी तर एक दुसऱ्याच्याच फाइलीला व्हायरस ठरवतो. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला, बाहेर शेतकऱ्यांची रांग असताना कॉम्प्युटर अडकला, तर सर्व्हरला शिव्या देण्याआधी हे तपासा.

विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस मुळातच असतो, तोही फुकट. अवास्टसारखा दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा आपोआप बाजूला होतो. अवास्टच्या जोडीला एव्हीजी टाकण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण 2016 मध्ये अवास्टनेच एव्हीजी विकत घेतलं. मालवेअरबाइट्सच्या फुकट आवृत्तीचं मात्र वेगळं आहे. ती सतत पहारा देत नाही, सांगाल तेव्हाच स्कॅन करते. डिफेंडरसोबत ती खुशाल ठेवा.

आणि पेनड्राइव्हमध्ये नुसते शॉर्टकट दिसले, सातबारा नि फोटो गायब झाले, तर कृपा करून लगेच फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा खरे फोल्डर फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी स्कॅन करा, मग पेनड्राइव्ह उघडून वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. तरी दिसले नाहीत, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची टिक काढा.