विजयसारच्या पेल्याचा खुलासा
विजयसार या झाडाच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्या, मधुमेह जातो, असं इंदुरातल्या मराठी घरांत अजून सांगतात. वर पुस्ती: ‘सरकारने तपासलंय!’

तपासलंय, पण पेला नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य मधुमेहाच्या ९७ नव्या रुग्णांना विजयसारचा मोजलेला अर्क दिला होता, रोज २ ते ४ ग्रॅम. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आटोक्यात, मधुमेह गेला नाही. शिवाय तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यामुळे अर्काचा वाटा किती, पथ्याचा किती, हे कळत नाही.

पेल्यात मात्र मोजमापच नाही. लाकूड जुनं होतं, पाण्याचा रंग फिका पडतो, तरी मंडळी पीतच राहतात! त्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका. पेल्यातलं पाणी आणि औषध दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.