स्त्रीपार्ट, चित्रपटांतील (नाशिक जिल्हा)

पुरुष नटाने वठवलेली स्त्रीभूमिका. शब्द संगीत नाटकाच्या व्यवहारातला असून रंगभूमीवरील परंपरा सर्वपरिचित आहे. येथे पडद्यावरील स्त्रीपार्टापुरता विचार केला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटानंतर (प्रदर्शन, मुंबई, ३ मे १९१३) आपला चित्रपटनिर्मितीचा कारखाना नाशिकला हलवला, त्यामुळे या विषयाची बरीच सामग्री याच जिल्ह्याशी निगडित आहे.

तारामतीसाठी फाळक्यांना स्त्री मिळाली नाही. वारांगनांनीही नकार दिल्याचे सांगतात. अखेर मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके महिना पंधरा रुपयांवर तयार झाले. तिथे त्यांना दहा मिळत. वडील हयात असताना मिशा उतरवण्यास नट राजी नव्हते, ही आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. रंगभूमीवर स्त्रीपार्टाचा निम्मा भार गळ्यावर असे. मूकपटात गळाच नाही. उरला तो पदर, चाल आणि खाली झुकलेली नजर. पडद्यावरच्या पतिव्रतेचा साचा या तीन गोष्टींतून घडला, असे मानण्यास जागा आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ची आज उपलब्ध असलेली रिळे (पहिले आणि शेवटचे) कोणत्या वर्षीची, हा वाद या विषयाच्या मुळाशी आहे. त्यांतील स्नानाच्या दृश्यात राजा तारामतीला भेटायला येतो, तेव्हा ती दासींसह पाण्यात आहे. ओली लुगडी अंगाला चिकटलेली आहेत, आणि राणीसह त्या सगळ्या पुरुष आहेत. मूळ पट सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका मतानुसार ही रिळे त्याचीच होत. दुसऱ्या मतानुसार ती १९१७ च्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या पुनर्निर्मितीची आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ते स्वीकारल्यास हे दृश्य नाशिक काळातले ठरते, आणि ‘स्त्रिया मिळेनात म्हणून पुरुष’ हे नेहमीचे स्पष्टीकरण त्याला पुरे पडत नाही. कारण तोवर स्त्रिया पडद्यावर येऊन गेल्या होत्या.

‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अल्पवयीन मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) मोहिनी. या पटाचे वर्ष कोठे १९१३, तर कोठे १९१४ दिलेले आढळते. निर्मिती १९१३ ची आणि प्रदर्शन पुढच्या वर्षारंभीचे, असे मानणे बरे. मात्र पुरुषाकडून स्त्रीकडे अशी सरळ वाट पुढे दिसत नाही. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) तर फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली, म्हणजे पार्ट उलटा फिरला. १९२० च्या दशकात नायिकांची उणीव पुष्कळ अंशी ज्यू आणि अँग्लो-इंडियन तरुणींनी भरून काढली, पण हिंदू नावे घेऊन: रूबी मायर्सची ‘सुलोचना’ झाली, रेनी स्मिथची ‘सीतादेवी’. म्हणजे लुगड्याआडचे लिंग बदलले तेव्हा नावाआडची जातजमात लपवावी लागली. नाशिकच्या कंपनीपेक्षा हा भाग मुंबई-कलकत्त्याकडचा आहे.

याच जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागाच्या गावात २००० च्या सुमारास नासिर शेख यांनी ‘शोले’चे विडंबन काढले आणि तेथे स्थानिक चित्रपटांची लाट आली. हिंदी पडद्याला मुसलमान बहुधा नवाब, कव्वाल किंवा गुंड म्हणूनच ठाऊक. येथे किरकोळ अंगाचा यंत्रमाग कामगार सुपरमॅन झाला. तरी नायिका गावाबाहेरूनच आणाव्या लागत. अडचण साधारण तारामतीचीच होती. तिच्यावर स्त्रीपार्टाचा तोडगा मात्र चालण्यासारखा राहिला नव्हता.

आदिवासी स्त्रीच्या चित्रणाबद्दल थोडेच सांगता येते. व्यावसायिक चित्रपटांत ती पिसे आणि मण्यांच्या माळा घालून समूहनृत्यात येते. पेठ-सुरगाण्याच्या कोकणा किंवा वारली स्त्रीच्या वेशाशी त्याचा संबंध नसतो. या भागातील बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवदेवतांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवात, देवींची सोंगेही परंपरेने पुरुषच घेतात. तोंडावर मुखवटा असल्याने मिशीचा प्रश्न तेथे येत नाही.