सेवा क्लब, गोव्यातील तरुण आणि तीस वर्षांची अट : पार्श्वभूमी

शिकागो शहरात १९०५ साली सुरू झालेल्या रोटरी या सर्वांत जुन्या सेवा संघटनेने आपल्या महाविद्यालयीन वयाच्या (रोटरॅक्ट) शाखांवरील कमाल वयोमर्यादा १ जुलै २०२० पासून उठवली. तोवर तिशी गाठलेल्या सभासदाला शाखा सोडावी लागे आणि मग ज्येष्ठांच्या क्लबात जायचे की या कामातूनच बाहेर पडायचे, एवढेच दोन पर्याय त्याच्यापुढे उरत. गोव्यात हा निर्णय लागू झाला तेव्हा महाविद्यालये बंद होती, बैठका मोबाइलच्या पडद्यावर भरत होत्या आणि समोरासमोर बसून त्याचा खल करण्याची सोयच नव्हती. आज त्याविषयी जे मतभेद ऐकू येतात ते केवळ वयाच्या आकड्याविषयीचे नाहीत. तरुणांसाठी काम करणे आणि तरुणांच्या हाती काम सोपवणे या दोन गोष्टींत सेवा क्लबांनी आजवर कोणती निवड केली, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर परस्परसाहाय्याची परंपरा क्लबांपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पणजीत घरोघरच्या मूठभर तांदळातून मराठी शिक्षणाला आधार देण्याचा उपक्रम उभा राहिला, आणि १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाला नागरी हक्क मिळून वाचनालये, शाळा व नाट्यमंडळ्या यांना मोकळीक मिळाली. ती फार काळ टिकली नाही. पुढच्या हुकूमशाही राजवटीत पूर्वपरवानगीशिवाय सभा घेणे अशक्य झाले. १९३६ साली तर पोर्तुगालात शासनाने स्वतःचीच गणवेशधारी युवक संघटना उभारली. १८ जून १९४६ रोजी मडगावात जी सभा झाली तिची पहिली मागणी भाषण व सभा यांच्या स्वातंत्र्याचीच होती, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण चार माणसांनी एकत्र येऊन स्वेच्छेने एखादी संस्था काढणे ही गोष्ट गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपूर्वी गृहीत धरता येत नव्हती. शेजारच्या ब्रिटिश भारतात मात्र पहिल्या महायुद्धानंतर लगेच कोलकात्यात सेवा क्लब स्थापन झाला होता.

मुक्तीनंतर आलेले क्लब साहजिकच शहरांत रुजले. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को आणि फोंडा येथील व्यापारी, डॉक्टर, वकील, बँक अधिकारी हे त्यांचे सभासद होते. त्यांच्या युवककार्याचे स्वरूप त्या काळच्या गरजेप्रमाणे ठरले. गावोगाव प्राथमिक शाळा वेगाने उघडत होत्या. त्यांना वह्या, दप्तरे, बाके हवी होती. नेत्रतपासणी, दंततपासणी, शिष्यवृत्ती, वक्तृत्व स्पर्धा, जूनमधले वह्यावाटप हा क्रम तेव्हा बसला आणि बऱ्याच अंशी आजही चालू आहे. या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. पहिल्यांदा चष्मा लागल्यावर फळ्यावरचे अक्षर दिसू लागलेल्या मुलाच्या दृष्टीने ते सर्वांत मोठे काम असते. तथापि या सगळ्यात विद्यार्थी हा घेणारा होता, आणि त्याला काय हवे हे ठरवणारे दुसरे होते.

हा साचा बदलण्याचे प्रयत्न बाहेर त्याआधीच सुरू झाले होते. १९१७ साली स्थापन झालेल्या दुसऱ्या मोठ्या संघटनेची, म्हणजे लायन्सची, ‘लिओ’ ही विद्यार्थी शाखा १९५७ साली पेनसिल्वेनियातील एका शाळेत निघाली. तिच्या तीन अक्षरी इंग्रजी नावातील मधले अक्षर मुळात ‘समता’ या अर्थाच्या शब्दाचे होते. पुढे त्या जागी ‘अनुभव’ या अर्थाचा शब्द आला. जुन्या संघटनेने १९६२ साली फ्लोरिडात शालेय वयाची आणि १९६८ साली नॉर्थ कॅरोलिनात महाविद्यालयीन वयाची शाखा काढली. १९५९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात सुरू झालेली नेतृत्व शिबिरेही १९७१ साली तिने आपल्या कार्यक्रमात घेतली. समता जाऊन अनुभव आला, हा बदल बहुतेकांना किरकोळ वाटेल. प्रस्तुत लेखकाला तो तसा वाटत नाही. समतेत बरोबरीचे स्थान गृहीत असते, तर अनुभव थोरांच्या देखरेखीखालीही घेता येतो.

भारतात या शाखा पसरू लागल्या त्याच काळात महाविद्यालयांत शासनाची राष्ट्रीय सेवा योजनाही आली. ती १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. गोव्यातल्या अनेक विद्यार्थ्यांना श्रमदान, रक्तदान, गावातले निवासी शिबिर यांची पहिली ओळख तिच्यातूनच झाली, क्लबांतून नव्हे. दोन्हीकडे तीच मुले आणि तेच प्राध्यापक दिसत, हे त्या वर्षांत महाविद्यालयात असलेल्या कोणालाही आठवेल. फरक होता तो कामाच्या तासांचा आणि हिशेबाचा. योजनेत ठरलेले तास भरावे लागत आणि त्यांची नोंद विद्यापीठाकडे जाई. क्लबाच्या शाखेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे विद्यार्थ्यांकडेच असत आणि रक्कम लहान असली तरी जमाखर्च त्यांनाच मांडावा लागे. वयाच्या विसाव्या वर्षी इतिवृत्त लिहिणे, पावती फाडणे, सभेत विरोधी मत शांतपणे ऐकून घेणे ही शिकवण गोव्यातल्या पुष्कळ तरुणांना पहिल्यांदा तिथे मिळाली.

येथे एका शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. ज्येष्ठांचा जो क्लब युवक शाखेची जबाबदारी घेतो त्याला मराठीत सर्रास ‘पालक क्लब’ म्हणतात. नियमांतील मूळ कल्पना पुरस्कर्त्याची होती, म्हणजे मान्यतेसाठी शिफारस करणारा, मार्गदर्शन करणारा, अडचणीला उभा राहणारा. ‘पालक’ या शब्दाने त्या नात्याला घरातली वडीलधारी छटा दिली. तिचा लाभही झाला. गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे शाखेच्या सचिवाचे वडील आणि क्लबाचे अध्यक्ष एकमेकांना ओळखत असण्याचीच शक्यता अधिक, तिथे मुलीला सायंकाळच्या बैठकीला पाठवताना घरच्यांना या शब्दाचा भरवसा वाटला. परंतु त्याच शब्दामुळे शाखेचा कार्यक्रम क्लबाच्या वेळापत्रकाला जोडला गेला. पदग्रहण सोहळ्यात स्वागताला, रक्तदान शिबिरात नोंदणीला, वृक्षारोपणात खड्डे काढायला शाखेचे सभासद, आणि छायाचित्रात पहिल्या रांगेत पालक, असे चित्र दिसू लागले. पाल्याला मत असते, पण ते मतदानात मोजले जात नाही. हे अगदी शब्दशः खरे होते, कारण महाविद्यालयीन शाखाही २०२० पर्यंत संघटनेचा ‘उपक्रम’ गणली जाई, सभासद नव्हे.

सभासद कोणाला म्हणायचे हा वाद या संघटनांत पहिल्यांदा स्त्रियांवरून झाला. कॅलिफोर्नियातील एका क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासदत्व दिले म्हणून पुढच्या वर्षी त्याची मान्यता काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि १९८९ साली नियमांतली पुरुषांची अट गेली. निकाल लागला त्याच मे महिन्याच्या, १९८७ च्या, ३० तारखेला गोवा घटक राज्य झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र तोवर गोव्यातली महाविद्यालये मुलींनी भरलेली होती आणि ज्या मुली युवक शाखांचे काम समर्थपणे चालवीत होत्या त्यांना शाखा संपल्यावर पुढचा दरवाजाच नव्हता, ही वस्तुस्थिती त्या निकालानंतरच्या नियमबदलाने बदलली.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा गोव्याचा स्वतःचा आहे. पर्यटनाच्या आडून होणाऱ्या बालकांच्या शोषणाने हादरलेल्या या राज्याने २००३ साली स्वतंत्र बालक कायदा केला; त्या विषयावरचा केंद्रीय कायदा २०१२ साली आला. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तेव्हापासून आपल्या पद्धती तपासून पाहणे भाग होते. शालेय शाखेची सहल, निवासी शिबिर, विद्यार्थी देवाणघेवाणीत परदेशी कुटुंबात वर्षभर राहणे, या सगळ्याकडे पूर्वी केवळ संधी म्हणून पाहिले जाई. आता लेखी संमती, सोबतची शिक्षिका, मुक्कामाच्या खोल्यांची व्यवस्था यांचाही विचार करावा लागतो. काही ज्येष्ठांना ही कटकट वाटली. मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था ही मुलांच्या कामातली अडचण समजणे सर्वस्वी चुकीचे आहे, असे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

त्या कायद्याने आणखी एक गुंता पुढे आणला. सतरा वर्षांची मुलगी कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे तेरा ते पस्तीस, तर २०१४ च्या धोरणात पंधरा ते एकोणतीस वर्षांची व्यक्ती. संयुक्त राष्ट्रे आकडेवारीसाठी पंधरा ते चोवीस हा गट धरतात. क्लबांच्या शालेय शाखा बारा ते अठरा वर्षांसाठी असतात, आणि महाविद्यालयीन शाखा अठरापासून तिसापर्यंत होत्या. एकाच मुलीला एकाच वर्षी चार कागदांवर चार नावे मिळतात आणि निधी कोणत्या कागदावर मागायचा यावर तिची पात्रता ठरते. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वासाठी नफ्याचा दोन टक्के भाग खर्च करण्याची तरतूद लागू झाली. तेव्हापासून क्लबांचे उपक्रम कंपन्यांच्या अर्जनमुन्यांत बसवून मांडण्याची गरज वाढली आणि ‘लाभार्थी’ हा शब्द पुन्हा बळावला. शाळेची स्वच्छतागृहे, संगणक, रंगवलेल्या भिंती मोजता येतात. शाखेत घडलेला सचिव मोजता येत नाही.

याच सुमारास खाणी बंद झाल्या, प्रथम सप्टेंबर २०१२ मध्ये आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत ट्रकच्या हप्त्यांवर चाललेली घरे अडचणीत आली आणि मुलांच्या शुल्काचा प्रश्न उभा राहिला. क्लब मात्र शहरांत होते. सायंकाळची बैठक आटोपून वाळपईची शेवटची बस गाठणे ज्या विद्यार्थिनीला जमत नाही तिला शाखेचे दार उघडे असून नसल्यासारखेच. त्यातच क्लबांच्या ‘प्रांता’ची रचना राज्याच्या सीमेला धरून नाही. जुन्या संघटनेच्या प्रांतात गोव्यासोबत दक्षिण महाराष्ट्राचा व उत्तर कर्नाटकाचाही भाग येतो. त्यामुळे प्रांतपालांच्या प्राधान्यक्रमात काणकोणची हायर सेकंडरी पोहोचण्याआधी बरीच मोठी शहरे उभी असतात.

आता मूळ निर्णयाकडे. २०१९ साली शिकागोत भरलेल्या नियमसभेने महाविद्यालयीन शाखांना संघटनेचे सभासदत्व दिले. त्याच वर्षी संचालक मंडळाने वयोमर्यादा काढण्याचे ठरवले. दोन्ही गोष्टी १ जुलै २०२० पासून अमलात आल्या आणि त्याबरोबर पालक क्लबाविना शाखा स्थापन करण्याची मुभाही मिळाली. १ जुलै २०२२ पासून शाखांच्या सभासदांना आंतरराष्ट्रीय वर्गणी लागू झाली, विद्यापीठ-महाविद्यालयाशी संलग्न शाखेत वर्षाला पाच डॉलर आणि इतर शाखांत आठ डॉलर.

निर्णयाच्या बाजूने बोलणारे सांगतात की तिसाव्या वर्षी माणूस नोकरीत नुकता स्थिरावलेला असतो, ज्येष्ठांच्या क्लबाचे शुल्क आणि जेवणासह होणाऱ्या बैठकांचा खर्च त्याला झेपत नाही, आणि म्हणून नेमके कामाचे झालेले हात गळून पडत. गोव्यात या म्हणण्याला वेगळे वजन आहे. पदवी मिळताच पुणे, मुंबई, बंगळुरूला जाणारी मुले, तसेच आजी-आजोबांच्या मुक्तिपूर्व जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात जाणारी कुटुंबे यांमुळे शाखा दर दोन-तीन वर्षांनी रिकामी होते. जे परत येतात ते बहुधा पंचविशी ओलांडून येतात. त्यांना पाच वर्षांत बाहेर काढणारा नियम येथील परिस्थितीला मुळीच धरून नव्हता.

विरोधी मतही तितकेच गंभीर आहे. एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आणि पस्तीस वर्षांचा अधिकारी एकाच बैठकीत बसले तर अध्यक्ष कोण होईल हे सांगायला नको. जिथून सुटका व्हावी म्हणून शाखा निघाल्या तीच उतरंड शाखेच्या आत तयार होण्याचा धोका आहे. वर्गणीचे पाच डॉलर मडगावच्या एखाद्या विद्यार्थ्याला जड जाणार नाहीत, पण सांग्याहून येणाऱ्या, बसभाड्याचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला ते जड जातात. दुसऱ्या मोठ्या संघटनेने आपल्या मोठ्या गटासाठी अठरा ते तीस हीच चौकट ठेवली आहे, याकडेही हे लोक बोट दाखवतात.

या दोहोंपैकी पहिल्या बाजूकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. कारण वयाची अट आणि पालकत्वाची अट एकाच दिवशी गेल्या, आणि दुसरी गेल्यामुळे मिळालेले स्वातंत्र्य पहिली गेल्यामुळे होणाऱ्या त्रासापेक्षा मोठे आहे. शिवाय कमाल वय ठरवण्याचा अधिकार नव्या नियमांनी प्रत्येक शाखेला तिच्या उपविधींतून दिलेलाच आहे. एखाद्या महाविद्यालयातील शाखेने ते पंचवीस ठेवले आणि गावातल्या शाखेने मुळीच ठेवले नाही, तर दोन्ही नियमाला धरूनच होईल. बारा ते अठरा वयाच्या शालेय शाखांना यातले काहीही लागू झालेले नाही. त्या आजही पालक क्लबाच्या छायेखालीच आहेत आणि गोव्यातील बालक कायदा पाहता त्या तशाच राहाव्यात असे मानणारा वर्ग मोठा आहे. त्यांची पुढच्या वर्षाची कामे ठरवताना त्यांना आधी विचारायचे की नाही, हे मात्र त्या त्या क्लबाच्या हाती आहे.