हद्दीबाहेरची तक्रार पोलिस घेत नाहीत?

'गुन्हा ज्या ठाण्याच्या हद्दीत घडला तिथेच तक्रार द्यावी लागते, दुसरीकडून परत पाठवतात.' सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. असा समज होणं साहजिक आहे, कारण तपास खरोखरच हद्दीप्रमाणे चालतो. पण तपास वेगळा आणि नोंद वेगळी.

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवर एका बाईंची सोनसाखळी ओढली गेली आणि त्या राहतात पंचवटीत. त्या घराजवळच्या ठाण्यात जाऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कुठेही घडलेला असो. तिथे ती शून्य क्रमांकाने (म्हणजे 'झिरो एफआयआर' म्हणून) नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन कळवलं, तर ३ दिवसांत सही करावी लागते (हे नेमकं विसरलं जातं). नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्याच.

किरकोळ शिवीगाळीसारख्या अदखलपात्र प्रकारात मात्र हद्द पाहिली जाते. मेसेज पसरायचं एक कारण हेही असावं.

खात्री करायची तर कलमाचा मजकूर इंटरनेटवर मोफत वाचता येतो. नाहीतर मोहल्ल्याच्या बैठकीला पोलिस आले की त्यांनाच विचारा, सगळ्यांसमोर.