पत्र्याच्या शेडमधला मायक्रॉन

मे महिन्यातली दुपार. परभणीत बाहेर ४२ अंश, आणि घरामागच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून थोडं जास्तच. घरच्यासाठी एक बेल्ट ग्राइंडर करायला घेतला होता. भंगारातून किलोवर आणलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा लेथच्या (जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या) चकात, म्हणजे पकडीत, धरून बेअरिंगच्या घराचं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्याचं, भोक बोअर करत होतो, आतून कापून मोठं करत होतो. बेअरिंग ६२०४ नंबरचं, बाहेरून ४७ मिलिमीटर. टूलची धार जरा गेलेली होती, पण उठून धार लावायचा कंटाळा केला. शेवटचा हात मारला आणि लगेच इनसाइड मायक्रोमीटर, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, लावला. ४७.०१. बेअरिंग हाताने दाबून बसावं, असंच हवं होतं. शेडला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंग लावून पाहिलं, तर तोंडाशीच अडलं. परत मोजलं. ४६.९८.

रात्रीतून तीन शतांश मिलिमीटर आटले होते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे गेले ते ३० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण बेअरिंग बसणार की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं.

घरच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी असा अनुभव येतो, आणि मराठवाड्यात तो लवकर येतो. आपण लांबी मोजतो, रुंदी मोजतो, व्यास मोजतो. तापमान मोजत नाही. प्रत्येक मापाच्या पोटात ते बसलेलं असतं.

हिशोब अगदी सोपा आहे. पोलादाची मीटरभर लांब सळई एका अंशाने तापली की साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जवळपास तेवढंच, ११ च्या आसपास. पितळ १९. अॅल्युमिनियम २३, म्हणजे पोलादाच्या दुप्पट. माझा ठोकळा बोथट टूलच्या घासण्याने ६० अंशांच्या घरात गेला असणार, कारण हातात धरवत नव्हता. सकाळी तो २७ वर आला. ४७ मिलिमीटरच्या भोकात ३३ अंशांचा फरक म्हणजे ३५-३६ मायक्रॉन. मग मायक्रोमीटरला ३०च का दिसले? कारण तोही रात्रीतून ४२ वरून २७ वर उतरला होता आणि स्वतः सात-आठ मायक्रॉन आखूड झाला होता. हिशोब कागदावर जुळला तेव्हा मला बेअरिंग न बसल्याचं दुःखच राहिलं नाही.

इथे एक शंका बऱ्याच जणांना येते. धातू तापून फुगला तर भोक लहान व्हायला हवं ना, मोठं कसं होईल? धातू सगळीकडून आत सरकेल असं वाटतं खरं. पण तापलेला तुकडा म्हणजे मोठा करून छापलेला फोटो. फोटो मोठा केला की त्यातली खिडकीही मोठी होते. भोकाच्या कडेचा धातू लांबीने वाढतो, म्हणजे घेर वाढतो, आणि घेर वाढला की भोक उघडतं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिलं होतं. आजोळी, पूर्णेकाठच्या गावात, मृगाच्या आधी लोहार बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचा. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान वळवलेली असे. जमिनीवर गवऱ्यांचं गोल कडं रचून त्यात धाव तापवायची, लाल झाली की तिघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची, घणाने चारी बाजूंनी ठोकायची आणि लगेच घागरीने पाणी. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, आणि त्या वाफेतून लाकडाचे सांधे कचकच आवळल्याचा आवाज. आम्ही पोरं हात लांब ठेवून बघायचो. "गरम हाय तवर बसती, थंड झाली की धरती," एवढंच तो लोहार म्हणायचा.

आता आकडे घालून बघू. चाकाचा व्यास १.२ मीटर धरला तर धावेचा घेर ३.७७ मीटर. ती ५०० अंशांनी तापवली तर घेर साडेबावीस मिलिमीटरने वाढतो, जवळजवळ इंचभर. व्यासात सात मिलिमीटर. लाल तापलेलं लोखंड याहूनही जरा जास्तच वाढतं. घण घालून चढवायला एवढी जागा भरपूर झाली. आणि थंड होताना ती पट्टी ज्या ताकदीने आवळते, तेवढी ताकद कुठल्याही बोल्टने लावणं अवघड. लोहाराकडे मायक्रोमीटर नव्हता. तो लोखंडाचा रंग बघून तापमान ओळखायचा, आणि धाव किती लहान वळायची हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. यंत्रशाळेत याला श्रिंक फिट म्हणतात. रेल्वेच्या कित्येक चाकांवर पोलादी टायर अशीच तापवून चढवलेली असते.

मग मीही धावच चढवली, उलट्या बाजूने. बेअरिंग पॉलिथिनमध्ये गुंडाळून, ओल लागू नये म्हणून तोंड बांधून, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. ठोकळा तव्यावर ठेवून, वर टाकलेला पाण्याचा थेंब चर्र होऊन उडेपर्यंत तापवला, म्हणजे शंभरी ओलांडली. ठोकळ्याचं भोक सुमारे ८० मायक्रॉन उघडलं, बेअरिंग सुमारे २० मायक्रॉन आक्रसलं. दोन्ही मिळून एक दशांश मिलिमीटर, आणि अडचण होती फक्त २० मायक्रॉनची. हातमोजा घालून बेअरिंग वर धरलं आणि सोडलं. टक्‌ करून ते तळाशी जाऊन बसलं. हातोडा लागला नाही. उलटं, म्हणजे बेअरिंगच तापवायची वेळ आली, तर १२० अंशांच्या पुढे जाऊ नये. त्याचं पोलाद कडक केलेलं असतं आणि ग्रीसही जळतं.

माझ्या चुकीतून एक चांगली गोष्टही निघाली. ग्राइंडर चालू झाला की बेअरिंग आणि घर दोन्ही तापतात, आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं. बेअरिंग थंडपणी हाताने दाबून बसेल असं ठेवलं असतं, तर कामाच्या वेळी ते घरात सैल होऊन फिरू लागलं असतं. २० मायक्रॉनचा आवळ ६५ अंशांच्या आसपास जवळजवळ संपतो. म्हणून अॅल्युमिनियमच्या घरात बेअरिंग घट्टच बसवतात. हे कारण मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मग खरं माप कोणतं? दुपारचं की सकाळचं? हा प्रश्न जगालाही पडला होता. जुना मीटर वितळत्या बर्फाच्या तापमानाला, म्हणजे ० अंशाला ठरलेला होता. इंग्रजांचा यार्ड ६२ अंश फॅरेनहाइटला. एकाच भागाची दोन देशांतली मापं जुळेनात. शेवटी १९३१ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २० अंश सेल्सियस ठरवलं, आणि १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अगदी पहिली शिफारस काढली ती याच विषयावर. कुठल्याही ड्रॉइंगवर ४७.०० लिहिलेलं असलं, तर त्यात न लिहिलेला अर्थ असतो: २० अंशांवर. चांगल्या टूल रूममध्ये मोजमापाची खोली वर्षभर त्याच तापमानाला राखतात. आपल्याकडे २० अंश म्हणजे पौषातली रात्र. मे महिन्यात तेवढा गारवा कुठून आणायचा?

सुदैवाने तो आणावा लागत नाही. पोलादाचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आणि पोलादाचा मायक्रोमीटर दोन्ही ४२ अंशांवर असतील तर दोघंही सारखेच फुगलेले असतात. फुगलेल्या पट्टीने फुगलेली वस्तू मोजली की उत्तर २० अंशांचंच येतं. अट एकच, दोघांचं तापमान सारखं हवं. मोजण्याआधी जॉब आणि मायक्रोमीटर एका जाड बिडाच्या पाटावर शेजारी शेजारी तासभर ठेवले की काम झालं. अॅल्युमिनियम किंवा पितळ असेल तर मात्र बेरीज-वजाबाकी करावी लागते: १०० मिलिमीटर अॅल्युमिनियम ४२ अंशांवर पोलादी मायक्रोमीटरने मोजलं तर २५ मायक्रॉन जास्त दिसतं. मी हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

आणखी एक गंमत. पुस्तकं सांगतात की मायक्रोमीटर फार वेळ हातात धरू नका, हाताच्या उबेने तो फुगतो. म्हणून त्याच्या कमानीवर प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. ही पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. मे महिन्यात आपल्या शेडमध्ये मायक्रोमीटर ४२ वर आणि घामेजलेला तळहात ३५ च्या आसपास. आपला हात त्याला थंड करतो! चूक होते ती उलट्या दिशेची.

शेडच्या पत्र्याचाही यात वाटा आहे. दुपारी पत्रा इतका तापतो की डोक्यावर शेगडी धरल्यासारखं वाटतं. ती आच लेथच्या बेडच्या, म्हणजे त्याच्या बिडाच्या लांब बैठकीच्या, वरच्या अंगाला लागते, खालचं अंग सावलीत राहतं. बेड मीटरभर लांब आणि २० सेंटिमीटर उंच असेल, आणि वरचं अंग खालच्यापेक्षा फक्त पाच अंशांनी गरम असेल, तर बेड मधोमध सुमारे ३४ मायक्रॉन वर उचलतो. एवढं वजनदार बीड उन्हाने कमानीसारखं वाकतं, यावर माझा आधी विश्वास बसेना. सकाळी सरळ येणारी सळई दुपारी एका बाजूला निमुळती का येते, म्हणून मी महिनाभर टेलस्टॉक, म्हणजे सळईचं दुसरं टोक धरणारा भाग, हलवत बसलो होतो. उपाय गावातलाच निघाला. पत्र्यावर चुना मारला आणि वरून कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. गोठ्यासाठी करतात तेच. गुरांना जे सुख, तेच लेथला.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही यातून सुटलो असं समजू नये. शेतातली थ्री फेज लाइट ठरलेल्या वेळी येते, बऱ्याचदा रात्री, म्हणून मोटर आपोआप सुरू करणारा टायमर घरी बनवणारे बरेच जण आहेत. त्यातलं घड्याळ एका नखाएवढ्या क्वार्ट्झच्या काट्यावर चालतं. हा वेळ दाखवणारा काटा नव्हे, जेवणाच्या काट्यासारखा दोन दात्यांचा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला १५ वेळा दोनाने भागलं की बरोबर एक उरतो, आणि दोनाने भागणं हे चिपचं सगळ्यात सोपं काम. हा काटा २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतो, कारण तो मनगटी घड्याळासाठी घडवलेला, आणि मनगट त्याला ऋतू कोणताही असो फार गरम-गार होऊ देत नाही. तापमान वर गेलं तरी तो मागे पडतो आणि खाली गेलं तरी मागेच पडतो. अंतर दुप्पट झालं की मागे पडणं चौपट. पेटीतलं तापमान दिवसरात्र ४५ राहिलं तर दिवसाला सव्वा सेकंद, महिन्याला ३५ सेकंद. डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप यावर सुंदर तोड आहे. ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजते आणि तेवढी चूक स्वतःच दुरुस्त करते. लोहार रंग बघून करायचा, तेच ती आकडा बघून करते. थोडे जास्त पैसे जातात, पण मराठवाड्यात टायमर बनवणाऱ्याने तीच घ्यावी असं माझं मत आहे. आणि थ्रीडी प्रिंटरवर पेटीचं झाकण छापणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात काळ्या रंगाची पेटी तिथवर सहज जाते.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर लेथ लागत नाही. ४० सेंटिमीटर लांबीची अॅल्युमिनियमची पोकळ नळी घ्या, पडद्याच्या दांड्याचा तुकडाही चालेल. एक टोक विटेला टेकवून पक्कं करा. दुसऱ्या टोकाखाली काचेचा गुळगुळीत तुकडा ठेवून त्यावर एक मिलिमीटर जाडीची सुई आडवी ठेवा, नळीचा भार सुईवर येऊ द्या. सुईच्या बाहेर आलेल्या टोकाला मेणाने खराट्याची काडी उभी चिकटवा. आता नळीतून उकळतं पाणी ओता. हे काम मोठ्यांनी करावं. नळी ६० अंशांनी तापली की अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते. ते डोळ्याला दिसणार नाही. पण वाढताना ती सुईला लोळवते, आणि काडी सुमारे ३० अंश कलते, घड्याळाचा तासकाटा तासाभरात जेवढा सरकतो तेवढी. गार पाणी ओतलं की काडी परत येते. शेजारची पोरं हे चार-चार वेळा करायला लावतात. पोलादी नळी मिळाली तर तीही लावून बघा, काडी निम्मीच कलेल.

माझ्या कामाची वेळ आता बदलली आहे. मे महिन्यात दुपारी फक्त ओबडधोबड काम करतो, अर्धा मिलिमीटर जास्त ठेवून जॉब चकातच सोडून देतो. टूलला धार लावून ठेवतो. शेवटचा हात पहाटे साडेपाचला. तेव्हा लेथ, जॉब, मायक्रोमीटर सगळे रात्रभर एकाच हवेत निजलेले असतात, पत्रा गार असतो, आणि बेअरिंगही त्यांच्या शेजारीच पाटावर ठेवलेलं असतं.